मास्तरांनी लावलेली नळी

गाडी चालू ठेवायची, बॉनेट उघडायचं, इंजिनात तेल ओततात त्या तोंडाचं झाकण काढायचं आणि त्या भोकावर उजव्या हाताचा तळवा अधांतरी धरून डोळे मिटायचे. मास्तर एवढंच करायचे. आजूबाजूला भोंगे वाजत असोत, गाडीवाला घड्याळ बघत असो, तळवा हलायचा नाही. मग डोळे उघडून, हात रुमालाला पुसत ते म्हणायचे, "श्वास ठीक आहे. बिना मतलब काही करू नका."

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. आपण त्याच्याकडे काहीतरी करून घ्यायला जातो आणि तो काहीच न करता आपल्याला परत पाठवतो. आधी आपल्याला त्याचा राग येतो. नंतर कधीतरी, दुसऱ्या कुणीतरी आपल्याला भरपूर काहीतरी करून दिल्यावर, त्याची आठवण येते.

मी मूळची साताऱ्याची. बँकेनं बदली करून बनारसला पाठवलं तेव्हा इथं मराठी कानावर पडेल असं वाटलं नव्हतं. संकठा घाटाच्या मागच्या गल्लीत गणपतीच्या आरतीला गेले आणि तिथं हे गृहस्थ टाळ वाजवताना दिसले. घराणं कैक पिढ्यांपूर्वी इकडे आलेलं, भिक्षुकीचं. यांनी मात्र आयुष्यभर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा वर्ग शिकवला. शहरातले ड्रायव्हर आणि मिस्त्री त्यांना गुरुजी म्हणायचे. याचा त्यांना संकोच वाटायचा, कारण घरात खरे गुरुजी म्हणजे त्यांचे वडील आणि थोरले भाऊ. आम्ही मराठी माणसं मास्तर म्हणायचो. ते माझ्या वडिलांच्या वयाचे, तरी मला ताई म्हणायचे, आणि अहो-जाहो करायचे.

निवृत्त झाल्यावर ते लहरताऱ्याला मुलाच्या दुकानात बसत. मुलगा मुकुंद. दुकान गाडीच्या सामानाचं: सीटकव्हर, दिवे, भोंगे, आरशाला टांगायच्या माळा. माझ्या ऑफिसातल्या एकानं मला सांगितलं होतं, "मॅडम, ऑइल कॅच कॅन लगवा लीजिए, इंजन की उमर बढ़ जाएगी." म्हणून मी माझी जुनी छोटी पेट्रोल गाडी घेऊन तिथं गेले आणि हे नेमकं काय असतं ते मास्तरांना विचारलं.

"घरी पोळ्या करता त्या खिडकीची जाळी बघितलीत?" ते म्हणाले. "चिकट थर बसतो की नाही? तसंच. इंजिनात पिस्टनच्या कडेनं थोडा धूर खाली निसटतो. तो तेलाचे बारीक कण घेऊन एका नळीतून वर येतो आणि परत इंजिनाच्याच तोंडात जातो. म्हणजे हवेबरोबर स्वतःचं उष्टं खाणं. त्याची आत काजळी धरते. म्हणून त्या नळीच्या मध्ये एक डबा बसवायचा. तेल डब्यात राहतं, नुसती हवा पुढं जाते. डबा भरला की रिकामा करायचा. झालं."

"मग बसवून द्या ना."

त्यांनी झाकण काढलं, तळवा धरला, डोळे मिटले. "तुमच्या गाडीला टर्बो नाही. आपल्या दमानं हवा ओढणारं साधं इंजिन आहे, आणि पिस्टनच्या रिंगा अजून चांगल्या आहेत. डब्यात चमचाभर तेल जमेल आणि तुम्हाला वाटेल, मोठं काम झालं. बिना मतलब काही करू नका."

काउंटरमागून मुकुंद म्हणाला, "बाबा, ताई गिऱ्हाईक आहेत."

"म्हणूनच सांगतोय," मास्तर म्हणाले.

मला तेव्हा हसू आलं. मुकुंदला आलं नव्हतं.

बापलेकांमधलं जुनं प्रकरण मला काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या बायकोनं सांगितलं. मुकुंद वडिलांच्याच वर्गात शिकत होता. शेवटच्या प्रात्यक्षिकात त्यानं जोडलेलं इंजिन चालू होईना. वर्गातल्या कुणीतरी परीक्षकाची पाठ वळलेली बघून हळूच काहीतरी जुळवून दिलं आणि इंजिन धडधडायला लागलं. बाहेरून आलेले परीक्षक मुकुंदच्या नावापुढं खूण करणार तेवढ्यात मास्तर उठले आणि सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "हे याचं काम नाही. याला येत नाही."

मुकुंद नापास झाला. पुन्हा परीक्षेला बसला नाही. "त्या दिवसापासून तो यांच्याशी पाहुण्यासारखा बोलतो," काकू म्हणाल्या. "पाणी हवं का, जेवण झालं का. बास."

तरी एक हिवाळा चांगला गेला. तो मी पाहिला आहे. विंध्याचल, प्रयाग, गया असे यात्रेकरू नेणारे टॅक्सीवाले मास्तरांकडे यायला लागले होते. त्यांच्या गाड्या खूप चाललेल्या, रिंगा झिजलेल्या. अशा इंजिनांना डब्याचा उपयोग होतो, असं मास्तरांचं मत होतं. ते स्वतः डबे बनवायचे. जाड ॲल्युमिनियमचं नळकांडं, आत आडवा पत्रा, पत्र्याखाली तारेची जाळी, म्हणजे तेल तिला अडकून खाली ठिबकावं. तळाला छोटी तोटी. आणि जाड काळी रबरी नळी, तेलाला आणि उष्णतेला दाद न देणारी. डब्यापेक्षा ते नळीबद्दलच जास्त बोलायचे. "डबा खराब निघाला तर फायदा होणार नाही. नळी खराब निघाली तर नुकसान होईल." नळी दबली तर इंजिनाचा श्वास आतच कोंडतो, मग तो तेलाला सील फोडून बाहेर ढकलतो, हे ते प्रत्येक ड्रायव्हरला नळी बोटांत दाबून दाखवत सांगायचे.

मुकुंद गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगायचा, "बाबूजी के हाथ का है." दुपारी दोघं एकाच ताटलीतून चूडा-मटर, म्हणजे इकडचे मटार घातलेले पोहे, खायचे. एकदा मी गेले तर मुकुंद वाकून बोल्ट कसत होता आणि मास्तर त्याच्या पाठीवर हात ठेवून इंजिनात बघत होते. हात ठेवलाय हे बहुधा त्यांच्या लक्षातही नव्हतं. मुकुंदच्या आलं असावं, कारण बोल्ट कसून झाल्यावरही तो तसाच वाकून राहिला होता.

मग मागणी वाढली. शहरातल्या नव्या गाडीवाल्यांना बॉनेट उघडल्यावर काहीतरी चकाकणारं दिसायला हवं होतं. मुकुंदनं दिल्लीहून डबे मागवले. निळे, लाल, आरशासारखे. सोबत पारदर्शक नळी, आतलं तेल दिसावं म्हणून.

पुढचं मला दोघांनीही सांगितलं, वेगवेगळ्या दिवशी, आणि दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचा फरक नव्हता. मास्तरांनी एक लाल डबा हातात घेतला, हलवून बघितला, शिकंज्यात धरला आणि गिऱ्हाईक समोर उभं असताना करवतीनं मधोमध कापला. आत काहीच नव्हतं. पत्रा नाही, जाळी नाही. दोन्ही अर्ध्या वाट्या त्यांनी काउंटरवर ठेवल्या आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "देख लीजिए. खाली है."

गिऱ्हाईक गेल्यावर मुकुंद म्हणाला, "तुम्हाला खोटं चालत नाही, हे सगळ्या बनारसला माहीत आहे. मीही चालत नाही, हे फक्त मला माहीत आहे."

मास्तर दुसऱ्या दिवशी दुकानात गेले नाहीत. तिसऱ्याही नाही. त्याच सुमारास त्यांच्या मोतीबिंदूची तारीख लागली, त्यामुळे घरी बसायला कारण मिळालं. डोळ्याला पट्टी बांधून ते खाटेवर बसून असायचे, आणि मी भेटायला गेले की विचारायचे, "तिकडून आलात? गर्दी होती?"

त्या दिवसांतच मी वायपर बदलायला दुकानात गेले होते. रामआसरे नावाचा एक टॅक्सीवाला आला. मास्तरांचा जुना विद्यार्थी, चाळिशीचा, नुकतीच स्वतःची गाडी घेतलेली. जुनीच, पण स्वतःची. त्यानं विचारलं, "गुरुजी नहीं हैं?"

"आँख बनवाए हैं, घर पर हैं," मुकुंद म्हणाला. "डिब्बा उन्हीं का है. हम तो बस कस रहे हैं."

तो निळा डबा होता, दिल्लीचा. नळी पारदर्शक. मुकुंदनं ती इंजिनाच्या अगदी जवळून फिरवली. मला त्यातलं काही कळत नव्हतं. एवढंच दिसलं की मास्तरांच्या नळ्या काळ्या असायच्या आणि ही तशी नव्हती.

उन्हाळा आला. मास्तरांची पट्टी केव्हाच निघाली होती, जाड चष्मा आला होता. एका रविवारी काकूंनी मला फोन केला. "हे दुकानात जायचं म्हणतायत, आपणहून. तुम्ही न्याल का? रिक्षात मला भीती वाटते." गल्ल्यांत गाडी येत नाही, म्हणून मी मैदागिनच्या चौकात उभी राहिले. मास्तर चालत आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पिशवी. पिशवीत मुकुंदसाठी कैरीच्या पन्ह्याची बाटली. गाडीत बसल्यावर म्हणाले, "त्या लाल डब्यात जाळी बसवता येईल, ताई. मी विचार केलाय. वरचं झाकण फिरकीचं आहे. त्याचा माल वाया जाणार नाही."

दुकानासमोर माणसं जमली होती. मध्ये रामआसरेची गाडी, दोरीनं ओढून आणलेली. तो यात्रेकरू घेऊन विंध्याचलला निघाला होता. मिर्झापूरच्या अलीकडे गाडीखाली तेलाचा लोट आला, आणि त्यानं बाजूला घेईपर्यंत इंजिन जाम झालं होतं.

मास्तर उतरले. बॉनेट उघडंच होतं. त्यांनी नेहमीचं काही केलं नाही. श्वास बघायला इंजिनात श्वास उरला नव्हता. त्यांनी वाकून ती नळी बोटांनी चाचपली. उष्णतेनं मऊ होऊन ती मधोमध चपटी झाली होती, दोन्ही बाजू एकमेकींना चिकटलेल्या. त्यांनी ती बराच वेळ धरून ठेवली.

रामआसरे समोर आला. त्यानं पाया पडायला हात पुढं केला नाही. म्हणाला, "गुरुजी, मुकुंद भइया कह रहे हैं कि आप खुद बनाए थे, आप ही लगवाए थे. घर से बताकर, एक-एक चीज़." मग त्यानं नळीकडं बोट केलं. "ये पाइप आपने लगवाया?"

मास्तरांनी मुकुंदकडं बघितलं. मुकुंद काउंटरच्या कडेला उभा होता, हातातलं फडकं पिळत. पन्नास माणसं असतील तिथं. चहावाला, टायरवाला, दोन-तीन जुने विद्यार्थी.

"हाँ," मास्तर म्हणाले. "हमने ही लगवाया. हमसे गलती हुई."

 रामआसरे त्यांच्याकडे बघत राहिला. मास्तर म्हणाले, "इंजन हम खोलेंगे. अपने हाथ से. जितने दिन लगें."

"रहने दीजिए, गुरुजी," रामआसरे म्हणाला, आणि दोरी सोडवायला वळला.

पन्ह्याची बाटली माझ्या गाडीतच राहिली होती. परत येताना ती मास्तरांच्या पायाशी घरंगळत होती. कँट स्टेशनच्या पुलावर मला राहवलं नाही. "मास्तर, त्या दिवशी मी तिथं होते. डबा मुकुंदनं लावला. त्यानं तुम्हाला विचारलंही नव्हतं."

"माहीत आहे."

"मग का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "मुलाबद्दल मी एकदा चार माणसांत खरं बोललो होतो. त्या वेळी त्याचा जो चेहरा झाला होता, तो आज पुन्हा दिसला. इतकी वर्षं मध्ये गेली, पण तोच. दुसऱ्यांदा नाही जमलं, ताई."

"आणि रामआसरे?"

"त्याला राग येणारच. उतरेल. माझा विद्यार्थी आहे, येईल तो." मग म्हणाले, "तुम्ही कुठं बोलू नका. आता मी बोललोय ते राहू दे."

मी शब्द दिला. पण मुकुंदला तर माहीतच होतं, त्याच्याशी बोलायला काय हरकत, असं वाटून काही दिवसांनी मी दुकानात गेले. म्हटलं, "निदान एकदा घरी जाऊन त्यांच्याशी बोल."

"कशाबद्दल?" त्यानं विचारलं.

"त्या नळीबद्दल."

त्यानं माझ्याकडं शांतपणे बघितलं. "ताई, बाबा म्हणाले ना, त्यांनी लावायला सांगितली. बाबा कधी खोटं बोलतात का?"



बनारसमध्ये बातमी घाटाघाटानं फिरते आणि ड्रायव्हरांमध्ये त्याहून लवकर. गुरुजींची नजर गेली, आता हातही गेला, असं लोक म्हणायला लागले. ज्यांच्या दहा पिढ्यांत कुणी खोटं बोललं नाही त्यांच्याकडून असा घोटाळा झाला, म्हणून काहींना गंमतही वाटली. रस्त्यात वाकून नमस्कार करणारे विद्यार्थी आता लांबूनच हात जोडायचे आणि पुढं जायचे. मुकुंदनं दुकानात पाटी लावली नाही एवढंच. गिऱ्हाइकाला मात्र सांगायचा, "बाबूजी को अब हम नहीं लाते." दुकान चांगलं चाललं. निळ्या डब्यांची नळी त्यानं बदलली, काळी आणि जाड घेतली. एवढं तो शिकला.

घरात तो वडिलांशी फार आदरानं वागायला लागला. चष्मा बदलून आणला, चांगली चप्पल आणली. मास्तर त्याच्याकडं बघत बसायचे. मला वाटतं, ते वाट बघत होते. त्यानं एकदा तरी येऊन समोर बसावं, काही न बोलता बसला तरी चालेल. तो यायचा, पाणी हवं का विचारायचा आणि जायचा.

संध्याकाळी ते संकठा घाटाच्या पायऱ्यांवर बसायचे. एकदा मी बरोबर होते. एका नाववाल्याचं इंजिन धाप लागल्यासारखं करत बंद पडत होतं. कुणीतरी त्याला म्हणालं, गुरुजींना विचार. तो पायऱ्या चढून वर आला, "गुरुजी, ज़रा देख देते." मास्तर म्हणाले, "हमको नहीं आता, भइया." नाववाला खाली गेला. मास्तरांनी उजवा हात मांडीखाली दाबून धरला होता, थंडी वाजत असल्यासारखा. थंडी नव्हती.

मला मात्र दर वेळी विचारायचे, "रामआसरे कुठं दिसला का?"

दिसायचा. त्यानं गाडी भंगारात विकली होती आणि एका ट्रॅव्हल्सवाल्याकडं पगारी ड्रायव्हर झाला होता. स्टेशनवर मला बघून तो मान वळवायचा. मी मास्तरांना सांगायचे, नाही दिसला.

"येईल," ते म्हणायचे.

पुढच्या थंडीत छातीत कफ झाला आणि आठवड्यात मास्तर गेले. शेवटचे दोन दिवस मुकुंद दवाखान्यातून हलला नाही, हेही सांगायला हवं. दिवस अमृतराव घाटावर झाले. तेराव्याला मी घरी गेले तेव्हा खोली भरलेली होती. फोटोला हार, समोर समई. मुंडण केलेला मुकुंद सगळ्यांच्या मध्ये बसून वडिलांबद्दल सांगत होता. मराठी आणि हिंदी मिसळून, डोळे पुसत. त्यांची शिस्त, त्यांचे डबे, त्यांचा तळवा. मग तो म्हणाला, "एक गलती झाली होती बाबांकडून. रामआसरेची गाडी. डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, त्यांना नीट दिसत नव्हतं. फार मनाला लावून घेतलं त्यांनी. पण मी कधी एका शब्दानं बोललो नाही. बाप आहे, चुकणारच. मी मनात काही ठेवलं नाही."

तो खोटं बोलत नव्हता. मी त्याचा चेहरा नीट बघितला. त्याला ते तसंच आठवत होतं.

एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "मोठं मन लागतं." काकू फोटोशेजारी बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पदर सारखा केला. त्यांना माहीत होतं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही.

दाराजवळ चपलांच्या ढिगापाशी रामआसरे उभा होता. कधी आला कुणास ठाऊक. आत बसायला कुणी सांगितलं नव्हतं, आणि त्यानंही पाऊल आत टाकलं नव्हतं. मुकुंदचं बोलणं संपल्यावर तो पायऱ्या उतरून गल्लीत गेला. मी मागोमाग गेले. ज्यांना शब्द दिला होता, ते आता नव्हते. मी म्हणाले, "रामआसरेजी, वो पाइप गुरुजी ने नहीं..."

"हमको मालूम है, मैडम," तो म्हणाला. "उसी दिन से मालूम है. गुरुजी वो पाइप हाथ में न लेते."

"तो फिर आप आए क्यों नहीं? ते रोज तुमची वाट बघत होते." मी हिंदीतून मराठीत कधी गेले ते मला कळलं नाही. त्याला कळलं बहुतेक.

"गलती होती तो हम उसी दम पैर छू लेते," तो म्हणाला. "गाड़ी क्या है, फिर आ जाती. लेकिन उन्होंने हमारी आँख में देखकर झूठ बोला. बेटे को बचाने के लिए." त्यानं भिंतीला हात टेकला. "बीस बरस से हम यही समझते थे कि हम भी उनके लड़के हैं."

त्याचा फोन वाजला. मालकाचा होता. यात्रेकरू मैदागिनला गाडीत बसून होते, आणि त्यांना उशीर होत होता. "आ रहे हैं, आ रहे हैं," असं म्हणत तो निघाला. समोरून एक गाय आली, तिला वाट देण्यासाठी तो भिंतीला चिकटून उभा राहिला आणि मग वळणावर दिसेनासा झाला. वर खोलीत मुकुंद कुणालातरी चहा घ्यायचा आग्रह करत होता.